मधमाशीला धडकलेली घोडागाडी

डोंगरातल्या सूचिपर्णी जंगलातून एक घोडागाडी उतरते आहे. गाडीत हात बांधलेले चार कैदी बसलेत आणि त्यांतले एक तुम्ही. ‘स्कायरिम’ हा गाजलेला व्हिडिओ गेम असा सुरू होतो. बेथेस्डा या अमेरिकी कंपनीने तो ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आणला. त्याआधी, खेळ घडत असताना, या पहिल्याच प्रवेशाने कंपनीतल्या लोकांना जेरीस आणलं होतं. गाडी कधी सुखरूप गावात पोचायची, तर कधी वाटेतच थरथरायला लागायची आणि बघता बघता कैद्यांसकट सरळ आभाळात निघून जायची. बरं, दर वेळी असं व्हायचं म्हणावं तर तसंही नाही.

शेवटी गुन्हेगार सापडला. एक मधमाशी!

त्या खेळावर काम केलेले नेट पर्कीपाइल यांनी २०२१ मध्ये ही हकीकत जाहीरपणे सांगितली. स्कायरिममध्ये औषधं आणि विषं बनवण्याची विद्या आहे. त्यासाठी फुलं, बुरशी, किडे, मधमाश्या असं काय काय गोळा करत हिंडावं लागतं. मधमाशी काही केल्या हातात येत नाही, असा एक बग, म्हणजे प्रोग्रॅममधला दोष, आधी होता. तो दुरुस्त झाला. मात्र त्या दुरुस्तीत मधमाशीला इतर वस्तूंशी टक्कर होऊ शकेल असं ‘घट्ट’ अंगही मिळालं, आणि तिला मार्गावरून ढकलण्याची ताकद जगातल्या कशातच राहिली नाही. दुसरीकडे ती गाडी पूर्वी चित्रित केलेली नव्हती. ती खऱ्या गाडीसारखी, पदार्थविज्ञानाची गणितं सोडवत, खड्ड्यात हेलकावत आणि दगडाला अडत चालायची. दोघींची वाट एका ठिकाणी आली की माशी हलायची नाही आणि सगळा धक्का गाडी खायची.

आता यात चूक कुणाची? मधमाशी पकडता यावी ही मागणी रास्त होती. गाडी खऱ्यासारखी हलावी हेही बरोबर. संगणकाने तर दोन्ही सूचना इमानेइतबारे पाळल्या. माशी दुरुस्त करणाऱ्याच्या मनात गाडी आली नव्हती, एवढंच काय ते झालं. रोल-प्लेइंग गेम, म्हणजे खेळणाऱ्यांच्या भाषेत आरपीजी, या प्रकारातले बहुतेक संस्मरणीय बग याच जातीचे असतात, आणि म्हणूनच मला ते नुसते हसण्यापेक्षा जास्त काळजीने बघावेसे वाटतात.

मोटारींच्या शर्यतीचा खेळ शर्यत संपली की सगळं विसरून जातो. आरपीजी विसरत नाही. तुम्ही पहिल्या तासाला एका भिकाऱ्याला नाणं दिलंत की नाही, लोहाराशी उद्धट बोललात का, कुठली तलवार विकलीत, कुणाला मारलंत, हे सगळं तो पन्नासाव्या तासापर्यंत जपून ठेवतो आणि त्यानुसार जग बदलतो. गंमत यातच आहे. संकटही यातच आहे. समजा, खेळात फक्त चाळीस प्रसंग असे आहेत की तिथे ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणायचं. त्यांच्या एकूण जुळण्या होतात सुमारे १ लाख १० हजार कोटी. सेकंदाला एक या वेगाने कुणी त्या तपासायला बसला, तर ३४,८०० वर्षं लागतील. आणि चाळीस हा आकडा हास्यास्पद वाटावा इतका लहान आहे. ‘बाल्डर्स गेट ३’ या खेळाच्या नुसत्या शेवटाचेच १७,००० वेगवेगळे प्रकार असल्याचं तो बनवणाऱ्या लॅरियन या बेल्जियन कंपनीने सांगितलं होतं.

म्हणजे सगळं तपासणं हा पर्यायच नसतो. काय तपासायचं नाही, हे ठरवण्यात टेस्टरचं कौशल्य असतं. पण टेस्टरकडे वळण्याआधी जुन्या खेळांतले काही नमुने बघायलाच हवेत, कारण तेव्हा पॅच, म्हणजे विकून झालेल्या खेळाला नंतर जोडायची दुरुस्ती, ही सोय नव्हती. कार्ट्रिजमध्ये, म्हणजे खेळ ज्या डबीत यायचा तिच्यात, एकदा उतरलेली चूक कायमची.

१९८७ सालचा पहिला ‘फायनल फँटसी’ घ्या. जपानच्या स्क्वेअर कंपनीचा हा खेळ इराणमध्ये जन्मलेल्या नासिर गेबेली या प्रोग्रॅमरने लिहिला. त्यातल्या मांत्रिकाला ‘बुद्धिमत्ता’ नावाचा गुण आहे. अनुभव वाढला की बुद्धिमत्ता वाढते, पडद्यावर आकडा चढतो, खेळाडू खूश होतो. प्रत्यक्षात मंत्राचा परिणाम मोजताना खेळ त्या आकड्याकडे ढुंकूनही बघत नाही! ठरावीक राक्षसांवर जास्त चालणाऱ्या म्हणून ज्या खास तलवारी आहेत, त्यांचा तो खास परिणामही लागू होत नाही. आणखी मजा म्हणजे जिव्हारी घाव बसण्याची शक्यता शस्त्राच्या गुणांवरून निघायला हवी, ती निघते शस्त्राच्या यादीतल्या क्रमांकावरून. यादीत जो शेवटी, तो जास्त जिव्हारी.

सात वर्षांनी, १९९४ मध्ये, याच मालिकेतल्या सहाव्या खेळात ‘चकवा’ हा गुण असाच पोकळ निघाला. शत्रूचा वार हुकवण्यासाठी खेळाडू जिवापाड पैसे साठवून चकवा वाढवणाऱ्या ढाली घेत राहिले. पण प्रोग्रॅम दोन्ही वेळी, वार शस्त्राचा असो की मंत्राचा, मंत्र चुकवण्याचाच आकडा वाचत होता. अशा बगांना मी सगळ्यात धूर्त म्हणेन. गाडी उडाली तर निदान दिसते तरी. इथे काहीच मोडत नाही, काहीच अडकत नाही, फक्त एक आकडा निष्ठेने निरुपयोगी राहतो. लढाईत एरवीही नशिबाचा भाग असतोच, त्यामुळे ढाल घेऊनही मार बसला तर खेळाडू नशिबाला दोष देतो. लाखो लोक खेळले आणि खेळ लाडका झाला.

इथे एक विषयांतर करतो, कारण मराठी वाचकाला ते हमखास कुठेतरी ऐकायला मिळालेलं असतं. ‘सिव्हिलायझेशन’ या राज्य उभारण्याच्या खेळातले गांधीजी म्हणे अणुबाँब टाकत सुटायचे. कारण असं सांगितलं जातं की त्यांची आक्रमकता १ ठेवली होती, लोकशाही स्वीकारल्यावर ती २ ने कमी व्हायची, शून्याच्या खाली जाता येत नसल्याने आकडा उलटा फिरून २५५ व्हायचा, आणि अहिंसेचा पुजारी जगातला सर्वांत खुनशी राजा बनायचा. गोष्ट इतकी देखणी आहे की ती खोटी असावी याचं वाईट वाटतं. खेळाचे जनक सिड मायर यांनी २०२० च्या आपल्या आत्मकथनात हा बग कधी नव्हताच असं स्पष्ट लिहिलं. २०१० च्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधीजींची अण्वस्त्रांची आवड गंमत म्हणून मुद्दाम वाढवून ठेवलेली होती.

आकडा उलटा फिरणं ही गोष्ट मात्र खरी आहे आणि तिचा सर्वांत सुंदर नमुना ‘पोकेमॉन’मध्ये आहे. हा खेळ जपानमध्ये फेब्रुवारी १९९६ मध्ये गेमबॉय या हातात मावणाऱ्या यंत्रावर आला. त्या यंत्राची काम करायची मेमरी होती ८ किलोबाइट. आज तुमच्या फोनमधला साधा फोटोसुद्धा तिच्या शेकडो पट जागा खातो. एवढ्याशा मेमरीत संसार करायचा, तर चाळीतल्या एका खोलीचं जे होतं तेच होणार: सकाळी ती स्वयंपाकघर, दुपारी बैठक, रात्री झोपायची खोली. फक्त प्रत्येक वेळी आधीचं सामान उचललं गेलं पाहिजे.

खेळात एक म्हातारबुवा भेटतात आणि पोकेमॉन, म्हणजे या खेळातला प्राणी, कसा पकडायचा ते करून दाखवतात. तेवढ्यापुरतं पडद्यावर खेळाडूच्या जागी म्हाताऱ्याचं नाव यायला हवं. मग खेळाडूचं खरं नाव कुठे ठेवायचं? ते ठेवलं जातं त्या जागेत, जिथे एरवी ‘इथल्या गवतात कुठले पोकेमॉन राहतात’ ही यादी असते. दुसऱ्या गावी गेलात की तिथल्या गवताची यादी येऊन नाव पुसलं जातं, त्यामुळे सहसा बिघडत काही नाही. पण सिनाबार नावाच्या बेटावर गवतच नाही, त्यामुळे तिथे नवी यादी येत नाही. आणि त्या बेटाच्या पूर्व किनाऱ्याच्या पट्टीवर पाण्यातून जाताना खेळ चुकून पाण्याऐवजी गवताची यादी वाचतो. म्हातारबुवांना भेटून थेट तिथे पोचलात, तर तुमच्या नावाची अक्षरंच पोकेमॉन म्हणून वाचली जातात. नाव बदललं की भेटणारा प्राणी बदलतो.

त्यांत भेटतो तो प्रसिद्ध मिसिंगनो. खेळाच्या आतल्या यादीत १९० जागा होत्या, पोकेमॉन मात्र १५१. उरलेल्या ३९ जागांवर ‘क्रमांक नाही’ अशा अर्थाची ही पाटी लावलेली. त्याचा पोकेमॉन-कोशातला क्रमांक शून्य. हा प्राणी दिसला, अशी खूण करायला खेळ शून्यातून एक वजा करतो, आकडा उलटून २५५ होतो आणि खूण कोशाच्या हद्दीबाहेर भलतीकडेच उमटते. नेमकी कुठे? तुमच्या पिशवीतल्या सहाव्या वस्तूच्या संख्येत, जिथे त्या एका खुणेची किंमत १२८ आहे. म्हणून मिसिंगनो भेटला की सहाव्या वस्तूचे एकदम १२८ नग वाढतात. शाळकरी मुलांनी हे कोड न बघता, नुसतं करून करून शोधून काढलं आणि तोंडी जगभर पोचवलं. मला या पोरांचं फार कौतुक वाटतं. जगातले ते बिनपगारी टेस्टरच होते.

याच खेळात म्यू नावाचा पोकेमॉन आहे तो प्रोग्रॅमर शिगेकी मोरिमोतो यांच्या खोडसाळपणामुळे. तपासणीची अंतर्गत साधनं काढून टाकल्यावर कार्ट्रिजमध्ये सुमारे ३०० बाइट जागा उरली आणि त्यांनी तिथे म्यू बसवला. तपासणी संपल्यावर कुठल्याही कोडला हात लावायचा नाही हा नियम असताना! म्यू कुणाला भेटणारच नव्हता, पण एका बगमुळे काहींना भेटला आणि अफवा उठली. मग एका मासिकाने स्पर्धा घेऊन तो वीस जणांना द्यायचं जाहीर केलं, तर ७८,००० अर्ज आले.

आतापर्यंतचे बग एकेका खेळाडूच्या हातातल्या यंत्रात राहिले. लाखो लोक एकाच जगात एकत्र खेळायला लागले तेव्हा बगला सार्वजनिक आयुष्य मिळालं.

१३ सप्टेंबर २००५. ब्लिझार्ड कंपनीच्या ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन आरपीजीत नवा पॅच आला आणि त्याबरोबर झुल’गुरुब नावाचं एक पडकं शहर. त्यात हक्कार हा रक्तपिपासू देव. वीस जणांच्या तुकडीने त्याच्याशी लढायचं. लढताना तो एखाद्यावर ‘करप्टेड ब्लड’, म्हणजे नासक्या रक्ताचा शाप टाकायचा. शाप लागलेल्याची प्राणशक्ती भराभर झिजायची आणि शेजारी उभा असेल त्यालाही तो लागायचा. कसलेल्या योद्ध्याला हे झेपण्यासारखं होतं, काही सेकंदांत शाप उतरायचा. लढाईपुरता तो राहावा आणि बाहेर जाऊ नये, असं ठरलेलं होतं. माणसं बाहेर पडली की तो जाईल, हे नीट पाहिलं होतं. शिकाऱ्यांच्या पाळीव प्राण्यांचा विचार राहून गेला.

शिकारी आपला लांडगा किंवा अस्वल हवं तेव्हा अदृश्य करू शकतो आणि हवं तेव्हा परत बोलावू शकतो. अदृश्य असताना त्या प्राण्यावरची वेळ थांबलेली असते. हक्कारच्या दारात शाप लागलेलं अस्वल शिकाऱ्याने नाहीसं केलं, राजधानीच्या गजबजलेल्या बाजारात येऊन परत बोलावलं, आणि शाप तिथून सुरू झाला. बाजारातले दुकानदार आणि पहारेकरी ही संगणकाने चालवलेली पात्रं. खेळाच्या सोयीसाठी ती सहसा मरत नाहीत. म्हणजे लागण झालेली, धडधाकट दिसणारी आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला प्रसाद देणारी माणसं! नवशिके खेळाडू काही क्षणांत पटापट कोसळू लागले. शहरांचे रस्ते सांगाड्यांनी भरले.

मग माणसं माणसांसारखी वागू लागली. ज्यांच्याकडे बरं करण्याचे मंत्र होते त्यांतले काही मदतीला धावले आणि त्या नादात रोग्यांना जास्त वेळ जगवून साथ वाढवून बसले. काही गाव सोडून रानात पळाले. काहींनी मुद्दाम शाप अंगावर घेऊन गर्दीत उडी मारली. काही जण तर नुसतं काय चाललंय ते बघायला आले आणि लागण घेऊन परत गेले. ब्लिझार्डने विलगीकरण करून पाहिलं, पण ऐकतंय कोण. अखेर सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू करावे लागले आणि पाळीव प्राण्यांना हा शाप बाहेर नेता येणार नाही अशी दुरुस्ती करावी लागली.

ही घटना तिथेच विरून जायची, पण दोन साथरोग अभ्यासकांनी, एरिक लोफग्रेन आणि नीना फेफरमन यांनी, तिच्यावर २००७ मध्ये ‘द लॅन्सेट इन्फेक्शस डिसीझेस’ या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. साथीची गणिती प्रतिकृती मांडताना माणसाचा मूर्खपणा, कुतूहल आणि परोपकार हे आकड्यांत बसवणं अवघड असतं. इथे ते आयतं घडलेलं होतं, कुणाच्याही जिवाला धोका न होता. २०२० साली करोना आला तेव्हा या जुन्या बगची आठवण पुन्हा निघाली. फुशारकीने नव्हे, तर ओळख पटल्यामुळे.

आता टेस्टरकडे. ‘दिवसभर गेम खेळायचे आणि पगार घ्यायचा’ अशी या कामाची बाहेर ख्याती आहे. खरं काम भलतंच कंटाळवाणं आणि भलतंच कसबाचं असतं. एका गुहेच्या प्रत्येक भिंतीला अंगाने घासत चालायचं, कुठे फट आहे का, पात्र भिंतीतून आरपार जातं का ते बघायला. दुकानदाराशी बोलता बोलता त्याला मारायचं. संवाद चालू असताना खेळ साठवायचा, बंद करायचा, उघडायचा. तलवार वापरायच्या क्षणीच विकायची. शहाणा खेळाडू करणार नाही ते सगळं करायचं, कारण लाखो खेळाडूंत कुणीतरी ते करणारच.

बग दिसला, एवढ्याने भागत नाही. तो पुन्हा घडवून दाखवता आला पाहिजे. टेस्टरच्या नोंदीत खेळाची नेमकी आवृत्ती, पायरीपायरीने काय केलं, काय व्हायला हवं होतं, प्रत्यक्षात काय झालं आणि दहापैकी किती वेळा झालं, हे सगळं लागतं. ‘गाडी उडाली’ ही तक्रार झाली. गाडी कुठल्या वळणावर उडते आणि त्या वळणावर मधमाशी असली तरच उडते, हा शोध झाला. प्रोग्रॅमरच्या दृष्टीने दुसरी गोष्ट सोन्यासारखी. मग नोंदींना तीव्रतेनुसार दर्जे लागतात: खेळ पुढेच जाऊ न देणारा बग वरच्या रांगेत, सैनिकाच्या मिशा टोपातून बाहेर येतात तो तळाला. प्रकाशनाची तारीख जवळ आली की बैठका बसतात आणि शेकडो नोंदींवर ‘दुरुस्त करायचं नाही’ असा शेरा पडतो. कारण आळस हे नसतं. शेवटच्या आठवड्यात मिशा दुरुस्त करायला गेलात आणि त्यातून दरवाजे उघडायचे थांबले, तर? म्हणूनच प्रत्येक दुरुस्तीनंतर आधी चालत असलेल्या गोष्टी पुन्हा तपासाव्या लागतात. याला रिग्रेशन टेस्टिंग म्हणतात आणि टेस्टरच्या आयुष्याचा मोठा भाग त्यातच जातो. हे काम आपल्यापासून फार दूरही नाही. फ्रान्सच्या युबिसॉफ्ट कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून पुण्यात आहे आणि जगभर विकल्या जाणाऱ्या खेळांची गुणवत्ता तपासणी तिथे होत आली आहे.

एवढं करूनही या लोकांची किंमत उद्योगात कमीच लेखली गेली. जानेवारी २०२३ मध्ये बेथेस्डाच्या मूळ कंपनीतल्या, झेनिमॅक्समधल्या, सुमारे ३०० टेस्टर मंडळींनी आपली युनियन उभी केली, ती उगाच नाही.

कधी कधी बग सापडतो, कळतो आणि तरीही जात नाही. मग तो लपवावा लागतो. बेथेस्डाचाच २००२ सालचा ‘मॉरोविंड’ हा खेळ पहिल्या एक्सबॉक्स या कन्सोलवर, म्हणजे खेळण्यासाठीच्या यंत्रावर, चालताना मेमरी हळूहळू भरत जायची. त्यावरचा उपाय खेळाचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितला, तो ऐकून हसू आवरत नाही. ‘लोड होत आहे’ अशी पाटी पडद्यावर ठेवायची आणि तिच्याआड सबंध यंत्र गुपचूप बंद करून पुन्हा चालू करायचं! खेळाडूला वाटायचं, आज जरा जास्तच वेळ लागतोय.

इंटरनेट आलं आणि पॅच घरबसल्या मिळू लागला. सोय झाली, सवयही बिघडली. पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट कंपनीचा ‘सायबरपंक २०७७’ हा खेळ १० डिसेंबर २०२० रोजी आला तेव्हा जुन्या कन्सोलवर त्याची अशी दुर्दशा होती की आठवडाभरात सोनीने तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढून टाकला आणि पैसे परत देऊ केले. जून २०२१ पर्यंत तो तिथे परतला नाही. संगणकावर खेळणाऱ्यांना आणखी एक विचित्र अनुभव आला: साठवलेल्या खेळाची फाइल ८ मेगाबाइटच्या वर गेली की ती कायमची बिघडायची. म्हणजे जो जास्त प्रेमाने खेळला, ज्याने जास्त वस्तू जमवल्या, त्याचंच नुकसान. हा दोष महिन्याच्या आत दुरुस्त झाला. सबंध खेळ सावरायला मात्र वर्षं लागली. सप्टेंबर २०२३ च्या २.० या पॅचने त्यातल्या कित्येक गोष्टी नव्याने घडवल्या आणि तेव्हा कुठे तो जाहिरातीत दाखवला होता तसा वाटू लागला. कंपनीचं मी कौतुक करीन, पण अडीच-पावणेतीन वर्षं उशिरा आलेलं जेवण आहे हे विसरून नाही.

लॅरियनने उलट केलं. ‘बाल्डर्स गेट ३’चा पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्येच अपुरा म्हणून सांगूनसवरून विकला आणि जवळजवळ तीन वर्षं खेळाडूंकडून त्याच्या चुका काढून घेतल्या. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण खेळ आला तेव्हा पहिला अंक बराच नेटका होता. लोकांच्या हातून न गेलेला तिसरा अंक अडखळत होता. पहिल्याच महिन्यात आलेल्या पहिल्या मोठ्या पॅचमध्ये हजारावर दुरुस्त्या होत्या. एक बग मात्र विलक्षण गोड होता. गेल नावाचा जादूगार ओळख होते न होते तोच प्रेमात पडायचा. लोकांना वाटलं, स्वभाव असेल. कंपनीचे प्रमुख स्वेन विंके यांनी खुलासा केला की प्रेम जमायला किती आपुलकी लागते तो आकडाच चुकून फार खाली राहिला होता.

दुरुस्तीतून नवा बग निघतो त्याचं तर स्कायरिमच पुन्हा उदाहरण. नोव्हेंबर २०११ च्या अखेरीला आलेल्या १.२ या पॅचने काही जुन्या तक्रारी मिटवल्या आणि ड्रॅगन उलटे, शेपटीकडून उडायला लागले. तो प्रकार पुढच्या पॅचने मिटवावा लागला. त्याच खेळात राक्षसाने सोटा मारला की माणूस ढगांपर्यंत भिरकावला जातो. तो बगच होता, पण लोक पोट धरून हसले आणि बेथेस्डाने तो राहू दिला.

आणि त्या खेळातल्या कोल्ह्याचं काय करायचं? कोल्ह्याच्या मागे पळत गेलात तर तो तुम्हाला खजिन्याकडे नेतो, अशी खेळाडूंची वर्षानुवर्षं श्रद्धा होती. बनवणारे म्हणत, आम्ही असं काही लिहिलेलंच नाही. दोघंही खरं बोलत होते. जोएल बर्जेस या डिझायनरने त्यामागचं कारण २०२१ मध्ये सांगितलं. खेळातली चालण्याजोगी जमीन अदृश्य त्रिकोणांनी विणलेली असते. ओसाड माळावर ते मोठे आणि थोडे, तर छावण्या, पडके किल्ले, गुहांची दारं अशा गुंतागुंतीच्या जागी लहान आणि दाट. कोल्ह्याला फक्त ‘पळ’ एवढं शिकवलं होतं आणि तो किती लांब पळाला हे मोजताना मीटर नव्हे तर त्रिकोण मोजले जात होते. शंभर त्रिकोण लवकर कुठे भरतात? जिथे ते दाट आहेत तिथे. आणि खजिने तिथेच असतात. याला बग म्हणावं की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही. कुणी दुरुस्त करू नये, एवढं मात्र नक्की.

कंपनीच बुडाली तर? ट्रॉइका या छोट्या कंपनीचा ‘व्हॅम्पायर: द मास्करेड – ब्लडलाइन्स’ नोव्हेंबर २००४ मध्ये अर्धाकच्चा बाहेर पडला आणि काही महिन्यांत कंपनीला कुलूप लागलं. त्यानंतर जर्मनीतल्या एका रसायनशास्त्रज्ञाने, खेळाशी व्यावसायिक संबंध नसताना, त्याचे पॅच काढायला घेतले. वर्षानुवर्षं एकेक संवाद, एकेक अडकलेलं दार, टाकून दिलेले प्रसंग शोधून तो ते जागेवर बसवत राहिला. आज हा खेळ अभिजात म्हणून नावाजला जातो, आणि जो विकत घेतो तो आधी हा फुकटचा पॅच बसवतो.

तेव्हा तुमच्या किंवा घरातल्या पोरांच्या खेळात उद्या एखादी गाडी उडाली, तर व्हिडिओ जरूर काढा, हसा, मित्रांना पाठवा. पण कंपनीला कळवताना ‘गेम बिघडलाय’ एवढंच लिहून थांबू नका. आवृत्ती कुठली, तुम्ही काय काय केलंत, कुठल्या क्रमाने केलंत, पुन्हा केल्यावर पुन्हा झालं का, हे लिहा आणि जमलं तर साठवलेली फाइल जोडा. आणि आजूबाजूला कुठे मधमाशी होती का, तेही सांगा.